लेबल झाकल्यावर…

2022 ची भाऊबीज. मी माहेरी हडपसरला गेले होते. ओवाळून झालं, जेवणं झाली, आम्ही बहिणी फराळाचे डबे भरत बसलो होतो. तेवढ्यात माझ्या भाच्यानं तीन बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या. तिन्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, वर रबरबँड लावलेलं. भाचा पुण्यात एका हॉटेलात कामाला आहे. तिथं पाहुण्यांसाठी असले खेळ करतात म्हणे. "आत्या, तू पिऊ नकोस, पण खेळ तर बघ!" म्हणाला.

आता माझी पंचाईत तुमच्या लक्षात आली का? गेली पंधराएक वर्षं मी आमच्या भागात बचत गटांचं आणि दारूबंदीचं काम करते. उभी बाटली, आडवी बाटली तुम्हाला ठाऊकच असेल. 2008 च्या सरकारी आदेशानं गावोगावच्या बायकांच्या हातात आलेलं ते मतदान. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. त्यासाठी मी किती घरांचे उंबरे झिजवलेत, त्याची गणती नाही. आणि इथे माझ्याच माहेरी, भाऊबीजेच्या दिवशी, वाइन! पण भाच्याचा उत्साह बघून गप्प बसले. भावाच्या घरात सणासुदीला भाषण ठोकण्याइतकी काही मी निर्दयी नाही.

आमचे थोरले भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, नोकरीनिमित्त युरोपात तीन-चार वर्षं राहून आलेले. साहजिकच परीक्षक तेच. पहिल्या बाटलीला त्यांनी नाक मुरडलं. दुसरी बरी म्हणाले. तिसरीचा घोट घेतला आणि थांबले. पेला फिरवला, परत वास घेतला. "ही बाहेरची. फ्रान्स नाहीतर इटली. अशी चव इकडे येत नाही," असं ठामपणे सांगून मोकळे झाले.

भाच्यानं तो पेला माझ्या नाकाशी धरला. "नुसता वास घे गं." घेतला. खरं सांगू? पहिल्यांदा ओल्या पोत्यासारखा वास आला. मी तोंड वाकडं केलं. "थांब जरा, पंधरा मिनिटं राहू दे," तो म्हणाला. मी डबे भरायला परत गेले आणि विसरूनही गेले. मग त्यानं पुन्हा हाक मारली. तोच पेला, तीच वाइन. आता पिकल्या जांभळांचा वास येत होता आणि मागे कुठेतरी मिऱ्याचा.

मग त्यानं कागद सोडले. तिसऱ्या बाटलीवर गावाचं नाव होतं रोटी, तालुका दौंड!

भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण खरं तर माझाच जास्त बघण्यासारखा असणार, कारण मी दौंड तालुक्याचीच सून. आमचं कासुर्डी पुणे-सोलापूर रस्त्यावर, उरुळी कांचन सोडलं की यवतच्या अलीकडे. पूर्वी इथे टोलनाका होता, त्यामुळे पुणेकरांना गावाचं नाव तरी माहीत असायचं! आषाढी वारीला तुकोबांची पालखी आमच्याच रस्त्यानं यवतला मुक्कामी जाते. पुढे वरवंडचा मुक्काम उरकून पाटसहून रोटीचा घाट चढते आणि उंडवडीमार्गे बारामतीला पोचते. रोटी म्हटलं की आम्हाला टाळ-मृदंग आणि घाटात चढणारे बैल आठवतात. त्या उघड्या माळावर 2000 नंतरच्या दशकात फोर सीझन्स नावाची वायनरी उभी राहिली, जुन्या फ्रेंच हवेलीच्या धाटणीची इमारत झाली, हे सगळं मला माहीत होतं. एसटीतून जाताना नाक मुरडून झालं होतं. पण तिथल्या वाइनला युरोप पाहिलेला माणूस फसेल, हे कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

भाचा म्हणाला, "भाऊजीआजोबा एकटे नाहीत, भले भले फसलेत." मग त्यानं पॅरिसची गोष्ट सांगितली. 24 मे 1976 ला स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाइन व्यापाऱ्यानं पॅरिसमध्ये अशीच लेबलं झाकून परीक्षा घेतली होती. नऊ फ्रेंच परीक्षक, सगळे नावाजलेले. फ्रान्सच्या उत्तमोत्तम वाइन आणि त्यांच्या जोडीला कॅलिफोर्नियाच्या, ज्यांना तोवर कुणी विचारत नव्हतं. एका परीक्षकानं तर कॅलिफोर्नियाचाच घोट घेऊन, हुश्श, आलो बुवा परत फ्रान्सला, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं! निकाल लागला तेव्हा पांढऱ्यात कॅलिफोर्नियाची शातो मॉन्टेलेना पहिली आणि तांबड्यात स्टॅग्ज लीप, तीही कॅलिफोर्नियाचीच. आणि ती मॉन्टेलेना बनवणारा माइक गर्गिच हा युगोस्लाव्हियातून निघून अमेरिकेत पोट भरायला आलेला माणूस.

आपल्याकडेही असंच झालंय. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी 1980 च्या दशकात शॅम्पेनच्या पद्धतीची वाइन बनवून 'ओमर खय्याम' नावानं थेट परदेशात विकली, तेव्हा जुन्नरची माणसंच चकित झाली होती. अकलूज म्हणजे ऊस आणि साखर कारखाना, एवढंच आपल्याला ठाऊक. तिथे मोहिते-पाटलांनी इटलीच्या सेक्की बंधूंबरोबर आणि दिल्लीच्या सेखरी बंधूंबरोबर 'फ्राटेली' सुरू केली आणि पिएरो मासी नावाचा टस्कनीचा जाणकार माळशिरस तालुक्यात येऊन वेली निवडू लागला.

असो. मला वाइनचा इतिहास सांगायचा नाही. मला आक्कांबद्दल सांगायचंय.

त्या रात्री परतीच्या एसटीत मला झोप लागेना. डोळ्यांसमोर सारख्या येत होत्या त्या आमच्या गटातल्या आक्का. नाव देत नाही, गावात सगळे त्यांना आक्काच म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे, कपाळावर गोंदण, बोलणं कमी. नवरा देशीपायी कामातून गेलेला. आक्का गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एका बागायतदाराच्या द्राक्षमळ्यावर कामाला जातात. खायच्या द्राक्षांचा नव्हे, वाइनच्या.

27 जानेवारी 2022 ला राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, हे तुम्हाला आठवत असेल. एक हजार चौरस फुटांच्या वरच्या दुकानांत. आम्ही कार्यकर्त्या पेटून उठलो होतो. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला होता. मीही गटाची बैठक घेतली, निवेदन वाचून दाखवलं, सह्या-अंगठ्यांचा कागद फिरवला. भाषणात मी केडगावच्या पंडिता रमाबाईंचा दाखला दिला. मुक्ती मिशन आमच्याच तालुक्यातलं, आणि रमाबाईंनी अमेरिकेवर लिहिलेल्या 1889 च्या मराठी पुस्तकात तिथल्या बायकांच्या दारूविरोधी संघटनेबद्दल किती आपुलकीनं लिहिलंय! बायका भारावून ऐकत होत्या.

कागद आक्कांजवळ आला आणि पुढे सरकला. अंगठा नाही.

"आक्का, तुमचा राहिला," मी म्हटलं.

"म्या न्हाई देत, ताई."

आणि माझा तोल गेला. पंचवीस बायकांसमोर मी म्हणाले, "तुमच्याच घराचं दारूनं वाटोळं झालं, आणि तुम्हीच वाइनच्या मळ्यावर राबायला जाता. तुम्हाला काय वाटणार म्हणा!"

आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. पदर सारखा केला, चप्पल पायात घातली आणि निघून गेल्या. त्यानंतर बैठकीला आल्या नाहीत. महिन्याची बचत मात्र तारखेला शेजारच्या पोरीच्या हाती येत राहिली. मी मनाशी म्हटलं, लाज वाटत असेल. म्हणजे बघा, लेबल मी लावलं, आणि त्यावरचा मजकूरही मीच लिहिला.

भाऊबीजेनंतर जायचं जायचं म्हणत तीन महिने गेले. खोटं कशाला बोलू, जायची हिंमत होत नव्हती. शेवटी निमित्त बँकेनं दिलं. गटाच्या नव्या कर्जासाठी सगळ्या सभासदांच्या सह्या हव्या होत्या. फेब्रुवारीत एका सकाळी मी आणि आमच्या गटाची सचिव, एक तरतरीत नवी सून आहे, तिच्या स्कुटीवरून मळ्यावर गेलो. सूर्य नीट वर आला नव्हता. द्राक्षं थंडाव्यातच तोडतात, ऊन चढलं की तोडा थांबवतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

पंधरा-सोळा बायका कात्र्या घेऊन ओळींमध्ये घुसल्या होत्या. आक्का मुकादम! डोक्याला फडकं बांधून, कुणी घड जोरात टाकला की, "अगं, भाजी हाय का ती?" असं ओरडत होत्या. मी आजवर त्यांचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता.

आम्हाला बघून त्या क्षणभर थबकल्या. मग म्हणाल्या, "या. च्या घ्या. तेवढी ही वळ उरकू द्या." झालेल्या गोष्टीचा उल्लेख नाही, रुसवा नाही, फार आपुलकीही नाही.

मी ती द्राक्षं पहिल्यांदाच जवळून पाहिली. आपण मंडईत घेतो ती लांब, टपोरी, पातळ सालीची, बिनबियांची. ही करवंदाएवढी, काळी, जाड सालीची आणि आत बियाच बिया. मंडईत मांडली तर कुणी हात लावणार नाही. आक्कांनी एक मणी तोडून मला दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. रस गिळला, साल बराच वेळ चावली आणि बिया तळहातावर काढल्या.

"ह्ये बघा ताई. बी तपकिरी झालंय. हिरवं आसंल तर कडू हुतं. गोडी मोजायचं येंत्र हाय मालकाकडं, पर येंत्र नुसती गोडी सांगतंय. बी काय म्हनतंय त्ये चावूनच कळतंय."

मालक तिथेच उभे होते. म्हणाले, "तोडा कधी लावायचा ते आधी आक्कांना विचारतो, मग लॅबमध्ये नमुना पाठवतो." आक्कांच्या खोपटात कॅलेंडरं टांगलेली होती, दहा-बारा वर्षांची, एकावर एक. लिहितावाचता येत नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या खुणा केल्यात. एप्रिलच्या खरड छाटणीला कोयता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीला फूल, पावसाला थेंब, गारांना टिंब. कुठल्या वर्षी छाटणीपासून किती दिवसांनी तोडा झाला, हे त्या बोटं घालून सांगत होत्या. मी बी. ए. झालेली बाई, गटाचं इतिवृत्तही धड ठेवत नाही.

चहा पिताना मी मणी चिरडून बघितला. रस पाण्यासारखा, जवळजवळ बिनरंगाचा! मला वाटायचं काळी द्राक्षं म्हणजे आत काळा रस. "रंग सालीत आसतोय," आक्का म्हणाल्या. तांबडी वाइन करताना रस साली-बियांसकट आंबत ठेवतात आणि रंग हळूहळू उतरतो. साली लगेच काढल्या, तर याच काळ्या द्राक्षांची फिकी वाइनही होते. (आमच्या सोलापूर रस्त्यावरच्याच मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रानं 'मांजरी मेडिका' नावाचं एक वाण काढलंय, त्याचा गरसुद्धा रंगीत असतो. पण तसं वाण विरळा.)

आणि मुळांचं तर मला काहीच माहीत नव्हतं. वर वेल कुठलीही लावा, शिराझ म्हणा, कॅबर्ने म्हणा, खाली खुंट असतो डॉगरीजचा, मूळच्या अमेरिकेतल्या जंगली जातीतला. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागा मुळं खाणाऱ्या एका किड्यानं उजाड केल्या, तेव्हा तिथल्या खानदानी वेलींनाही असल्याच जंगली खुंटांवर कलम करून वाचवावं लागलं. आपल्याकडे खारट जमीन आणि कमी पाणी सोसायला हा खुंट लागतो. आक्कांनी ते एका वाक्यात सांगितलं, "वर नाव कुनाचं बी आसू द्या, खाली जीव धरायला रानटीच लागतंय."

वाइनच्या बागेला पाणीही बेतानं. मणी रंग धरायला लागला की पाणी कमी करत नेतात. याला शब्द आहे 'ताण देणे'. ताणानं मणी लहान राहतो आणि रस दाट होतो. मी लगेच भारावले. भाषणाला केवढा छान दाखला! मी आक्कांना म्हणाले, "म्हणजे बाईमाणसासारखंच की. ताण सोसला की माणूस घडतं."

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "लई ताण झाला तर वाळून जाती वेल, ताई. गेल्या साली त्या कोपऱ्यातल्या चाळीस गेल्या."

मी गप्प.

सह्या झाल्या. आक्कांनी अंगठा उठवला, या वेळी न विचारता. मग मीच विषय काढला. त्या दिवशी का नाही दिला अंगठा? त्या घड निवडता निवडताच बोलल्या. "कागदावं वाइन ल्हिलं हुतं. मालकाची वाइन बंद झाली की मळा मोडनार, ह्या पंधरा बायकांनी कुटं जायाचं? उसाच्या खुरपनीला वरीसभर काम हाय का? आन माझ्या घरी जी येती ती वाइन न्हाई. ती कुपनातनं येती, पिशवीत. तिच्या विरोधात कागद काढा, दोन्ही अंगठं देते."

यावर माझं उत्तर आहे, ताईगिरीचं. वाइनमध्येही बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं, आणि किराणा दुकानात तिची बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवणं मला आजही पटत नाही. ते मत बदललेलं नाही. पण त्या खोपटात बसून ते उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

परत येताना ओढ्याजवळ सचिवबाईंनी स्कुटी थांबवली. "ताई, एक सांगू का? चिडणार नसाल तर." मग तिनं सांगितलं ते ऐकून मी तिथे दगडावर बसलेच.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गटातल्या तिघींचे कर्जाचे हप्ते थकणार होते. एकीचा नवरा पुण्यातली नोकरी जाऊन घरी आलेला, दोघींचे पिणारे. आक्कांनी सात महिने त्या तिघींचे हप्ते भरले. सचिवबाईंना बजावून ठेवलेलं की पावती तिघींच्याच नावानं फाडायची आणि ताईंना कळू द्यायचं नाही. "ताईंला गटाचा लई अभिमान हाय," असं म्हणाल्या होत्या म्हणे.

अभिमान होताच! शंभर टक्के परतफेड म्हणून मी कार्यक्रमात शाल-श्रीफळ घेतलं होतं. फोटो अजून आमच्या बैठकीच्या खोलीत लावलाय. दारूबंदीच्या ताईंचा तो सत्कार वाइनच्या द्राक्षांच्या मजुरीतून झाला होता. आणि ज्या तिघींचे हप्ते भरले गेले, त्या माझ्या बैठकीत आक्का उठून गेल्या तेव्हा तिथेच बसलेल्या होत्या. त्याही काही बोलल्या नाहीत. त्यांना दोष देत नाही. मी बोलायला कुणाला जागा ठेवली होती?

आठवड्यानं मी पुन्हा मळ्यावर गेले, या वेळी एकटी, चालत. तोडा संपत आला होता. आक्का क्रेट मोजत होत्या. मी सगळी माफी रस्त्यात पाठ करून आले होते. दोन वाक्यं बोलले असेन.

"ऱ्हाऊ द्या वो," त्या म्हणाल्या, "च्या पिनार का?"

"बैठकीला येणार का?"

"तोडा सपू द्या."

मग आम्ही क्रेटवर बसून चहा प्यालो. मी त्यांना भाऊबीजेची गोष्ट सांगितली, कागदात गुंडाळलेल्या बाटल्यांची, भाऊजींच्या फजितीची. आक्का तोंडाला पदर लावून हसल्या. मग जरा वेळानं विचारलं, "ताई, तुमी वास घेतला म्हनता. कसा आसतो वो त्येचा?"

मी बघतच राहिले. बारा वर्षं ही बाई ती द्राक्षं चावून बघते, बियांवरून दिवस ठरवते, आणि त्यांचं पुढे काय होतं त्याचा वासही तिनं कधी घेतलेला नाही.

"आधी ओल्या पोत्यासारखा आला," मी सांगितलं. "मग थोडा वेळ ठेवल्यावर जांभळासारखा. आणि मागं मिऱ्यासारखं काहीतरी."

आक्कांनी मान हलवली. बांधापलीकडच्या ओळींकडे हात केला आणि म्हणाल्या, "मिरी लागली न्हवं? मग त्ये त्या जातीचं. चावताना मला बी लागतंय."